विझलेल्या बंबाची ऊब

१

कीर्तीला ते घर आधी कानाने कळलं. सकाळी ती चहाचं आधण ठेवायची तेव्हा बैठकीतल्या थर्मोस्टॅटची बारीकशी टिक व्हायची, आणि पायाखाली तळघरात भट्टी जागी व्हायची. बर्नरची मोटर घुं करत वेग घ्यायची, तेलाचा पंप कुरकुरायचा, ठिणगी तडतडायची, मग एक जाडसर धप्प, कुणी वरून गादी टाकावी तसा. म्हणजे ज्योत धरली. त्यानंतर चहा मुरून गाळून होईपर्यंत नुसती आगीची घरघर. आतला पत्रा पुरेसा तापला की मगच मोठा ब्लोअर सुरू व्हायचा आणि भिंतींच्या तळाशी बसवलेल्या लोखंडी जाळ्यांतून गरम हवा घरभर सुटायची. बर्नर बंद झाल्यावरही ब्लोअर थोडा वेळ चालायचा, भट्टीत उरलेली ऊब खोल्यांत ढकलायचा आणि मग गप्प बसायचा. आधी आग, मग वारा. आधी आग विझणार, मग वारा पडणार. हा क्रम कधी चुकला नव्हता.

दुसऱ्या कुणाला ही कटकट वाटली असती. कीर्तीला त्यात सोबत वाटायची. लग्नाआधी ती चिंचवडला बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. नवऱ्याला, श्रीहर्षला, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला संगणकाच्या चिपा बनवायच्या यंत्रांवर काम मिळालं, ती त्याच्या व्हिसावर मागोमाग आली, आणि तेव्हापासून अर्ज पाठवत होती. उत्तरं सगळी गोड असायची आणि सगळ्यांत शेवटी डच भाषा येत नसल्याची अडचण यायची. गावात फ्लॅट मिळेना म्हणून त्यांनी हे गावाबाहेरचं जुनं शेतघर घेतलं होतं. गॅसची लाइन इथवर आलेलीच नव्हती, त्यामुळे घर अजून तेलावर तापत होतं. घरमालक हूबेर्ट भट्टी दाखवताना ओशाळला होता, श्रीहर्षचा चेहरा पडला होता. कीर्ती मात्र गुडघ्यावर बसून झाकण उघडून आत बघायला लागली होती. या देशात तिची गरज असलेलं पहिलं यंत्र तिला भेटलं होतं.

हिवाळा तोंडावर आला तसे श्रीहर्षचे वडील आले. अप्पा कराडच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई पुण्यात लेकीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून ते एकटेच आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तळघरात डोकावून भट्टीला नाव दिलं.

"हा तर बंबच की तुमचा! आमच्या मागच्या अंगणात होता तसा. फक्त याला लाकडं घालायला नकोत, एवढंच."

तेव्हापासून घरात सगळे तिला बंबच म्हणायला लागले.

डिसेंबरातली एक सकाळ. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं, खिडकीच्या काचेवर दव गोठलं होतं. कीर्तीने आधण ठेवलं आणि तिच्या लक्षात आलं की ब्लोअर चालू आहे. टिक झाली नव्हती. मोटर घुमली नव्हती. धप्प तर नाहीच नाही. नुसता वारा.

आपण पेंगत असू, आपल्याला ऐकू आलं नसेल, असं म्हणून तिने चहात आलं किसलं.

२

पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तेव्हा ती टॉर्च आणि मीटर घेऊन खाली उतरली.

ब्लोअरला स्वतःची अक्कल नसते. भट्टीच्या पोटात एक धातूची गुंडाळलेली पट्टी असते. ती तापली की पिळा घेते, तिच्याबरोबर बाहेरच्या डबीतली तबकडी फिरते, आणि तबकडी ठरलेल्या खुणेपर्यंत आली की ब्लोअरला वीज मिळते. म्हणजे ऊब नसेल तर ब्लोअर फिरूच शकत नाही. अपवाद एकच, उन्हाळ्यात नुसता वारा घ्यायचा असेल तर त्याच डबीवर एक बटण असतं. कीर्तीने ते आधी पाहिलं. ते दाबलेलं नव्हतं, बंदच होतं.

तिने भट्टीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा फरशीसारखा गार होता.

मग तिने डबी उघडली. तबकडी गरमच्या खुणेवर उभी होती. "जाम झालीस होय," असं म्हणत तिने ती बोटाने मागे फिरवली. ब्लोअर बंद पडला. ती झाकण लावणार एवढ्यात तबकडी हलली. सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी, ती परत गरमवर येऊन थांबली आणि ब्लोअर पुन्हा सुरू झाला.

पट्टी थकली असेल. चाळीसेक वर्षांचा धातू, थकणारच. कीर्तीने स्वतःला हे उत्तर दिलं आणि ते तिला पटलंही.

बर्नरची गोष्ट तेवढी सोपी निघाली नाही. त्याच्या डोक्यावरचा लाल दिवा लागला होता, म्हणजे त्याने स्वतःला कुलूप घातलं होतं. तिने रीसेटचं बटण दाबलं. मोटर हललीसुद्धा नाही. अशा बर्नरला एक डोळा असतो, काचेच्या मण्याएवढा, नळीतून थेट आगीच्या खोलीत बघणारा. ज्योत दिसली नाही तर तो तेल बंद करतो. आणि उलटही असतं. सुरू करायच्या आधी त्याला आत पूर्ण अंधार दिसावा लागतो. जरा जरी उजेड दिसला तरी तो बर्नरला चालू होऊ देत नाही, कारण न पेटवता आत उजेड असणं धोक्याचं.

कीर्तीने डोळा काढून मीटरला लावला. अंगठ्याने झाकला की आकडा चढे, टॉर्चपुढे धरला की उतरे. डोळा ठणठणीत होता. तिने तो परत नळीत बसवला आणि तारा मीटरला लावून ठेवल्या. आकडा उतरला.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. भट्टी विझलेली होती, तळघरात तिच्या टॉर्चशिवाय दिवा नव्हता, तिने तोही बंद करून पाहिला. डोळ्याला आत उजेड दिसतच होता.

तिने टॉन नावाच्या मेकॅनिकला फोन केला. तो दुपारी आला, भला माणूस, सायकलवरून आल्यामुळे नाक लाल झालेलं. त्याने डोळा बदलला. नवा डोळा एक दिवस चालला आणि त्यालाही आत उजेड दिसू लागला. टॉन पुन्हा आला. त्याने धुराडं पाहिलं, पत्र्याच्या फटी पाहिल्या, खांदे उडवले.

"कुठून तरी दिवसाचा उजेड येतोय," तो इंग्रजीत म्हणाला.

"तळघरात?" कीर्तीने विचारलं.

त्यावर तो नुसता हसला. पंपही गळतोय म्हणाला, आणि अख्खा बर्नरच सोडवून दुरुस्तीला घेऊन गेला. बर्नरची जागा होती तिथे डोकं मावेल एवढं भोक राहिलं. त्यात त्याने काचलोकरीचा, म्हणजे काचेच्या तंतूंचा, बोळा घट्ट कोंबला आणि तोवर विजेचे हीटर वापरा म्हणून सांगितलं.

तो गेल्यावर कीर्ती वर येऊन भांडी घासायला लागली. पायाखाली ब्लोअर सुरू झाला.

३

अप्पांची खोली घराच्या मागच्या टोकाला होती. भट्टीपासून सगळ्यात लांब, म्हणून ती एरवी सगळ्यात गार असायची. कीर्ती त्यांना तिथे ठेवायला तयारच नव्हती, पण त्या खोलीच्या खिडकीतून मेंढ्यांचं कुरण दिसायचं आणि अप्पांनी हट्ट धरला.

आता मात्र नवल झालं होतं. बैठकीत आणि वरच्या खोलीत हीटर लावूनही स्वेटर उतरत नव्हता, आणि अप्पांची खोली हीटरशिवाय उबदार होती. अप्पा बाह्यांचा गंजी घालून जाळीजवळच्या खुर्चीत बसायचे, पाय लांब करून.

"अप्पा, तुमच्या खोलीत हीटर आणून ठेवू का?" श्रीहर्षने विचारलं.

"कशाला? इथे काय गरज आहे? तो तुमच्याकडेच राहू दे. तुम्हीच या इकडे."

आणि खरंच, सगळे तिकडेच जमायला लागले. संध्याकाळी श्रीहर्ष ऑफिसातून आला की सायकलीचे हातमोजे काढत थेट त्या खोलीत यायचा आणि सुस्कारा सोडायचा. कीर्ती जेवणाची ताटंही तिथेच आणायची. पुण्याला फोन लागला की बाळाला बघायला तिघं एका पलंगावर दाटीवाटीने बसायचे. त्या घरातले ते खरं तर सगळ्यात सुखाचे दिवस होते. कीर्तीला पुढे त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

"भट्टीची ऊब कशी कोरडी असते," अप्पा एकदा म्हणाले. "तोंड सुकतं. ही तशी नाही. लग्नाघरात एका खोलीत दहाजण झोपलेले असले की कशी ऊब होते, तशी आहे ही."

"बर्नर नाहीये अप्पा खाली. ही ऊब येते कुठून तेच मला कळत नाहीये."

"तुम्हा इंजिनिअरांना प्रत्येक गोष्ट कळायलाच हवी का गं? समुद्राचे उबदार प्रवाह असतात, तसं असेल काहीतरी." आणि त्यांनी हात पुढे करून तिच्या डोक्यावर थोपटलं. त्यांची बोटं केसांतून टाळूला लागली आणि कीर्ती दचकली. नळाखालून काढल्यासारखी होती ती बोटं.

"किती गार हात आहेत तुमचे!"

"असतील. मला तर उकडतंय."

गुरुवारी अप्पा दत्ताच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायचे. तसबीर जाळीच्या वरच्या फळीवर होती. कीर्ती नैवेद्याची वाटी घेऊन आली आणि दारातच थांबली. धूर वर चढत नव्हता. उदबत्तीच्या टोकापासून तो खाली वळला होता आणि एका बारीक, सरळ दोरीसारखा जाळीत शिरत होता.

ती जाळी हवा बाहेर सोडणारी होती. कीर्तीने स्वतः सगळ्या नळ्यांचा माग काढून पाहिला होता. तिने ओढणीचं टोक जाळीपुढे धरलं. टोक आत ओढलं गेलं आणि जाळीला चिकटून बसलं.

मोटर उलटी फिरत असेल, हा पहिला विचार. पण असा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त कमी जोराने. हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांनाही समजावून सांगू शकली असती. तो हवा ओढून घेऊच शकत नाही. आणि समजा ओढत असेल, तर मग खोली गरम कशाने होतेय?

"काय बघतेस?" अप्पांनी खुर्चीतूनच विचारलं.

"काही नाही. धूर."

"हो, जातो तो आत," ते शांतपणे म्हणाले, आणि डोळे मिटून जप करू लागले.

४

अप्पा दिवसेंदिवस झोपाळू झाले. दुपारी हाक मारली तर ओ द्यायला त्यांना वेळ लागायचा. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा ते लेकीचं नाव विसरले आणि हसले. त्यांचे शब्द एकमेकांत मिसळत होते, जीभ जड झाल्यासारखे. स्क्रीनवर सासूबाईंचा चेहरा घाबरा झाला.

"श्री, अरे ह्यांना अर्धांग वगैरे तर नाही ना होत? आधी डॉक्टरकडे ने!"

श्रीहर्ष ऑफिसातून तडक आला. इथे घरचा डॉक्टर, म्हणजे हाउसआर्ट्स, सहसा पॅरासिटामोल घेऊन झोपा म्हणतो, पण अप्पांना बघून तरुण डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी अप्पांच्या कानाला थर्मामीटर लावला, आकडा पाहिला, दुसरा थर्मामीटर आणला. मग मनगट हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"तुमच्या घरात हीटिंग आहे ना?" त्यांनी विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न मऊ नव्हता.

"आहे," श्रीहर्ष म्हणाला. "म्हणजे, बर्नर दुरुस्तीला गेलाय. पण यांची खोली गरम असते. सगळ्यात गरम."

"यांचं शरीर फार गार पडलंय. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या माणसाचं पडतं तसं. मी अँब्युलन्स बोलावते."

इस्पितळात अप्पांना गरम हवेच्या पांघरुणात गुंडाळलं. हृदयाचे ठोके मंद होते, ते पडद्यावर उमटत होते. नर्स म्हणाली, वेळेत आणलंत. कॉरिडॉरमध्ये श्रीहर्ष भिंतीला टेकून उभा होता. त्याचा आवाज फाटला.

"मी दिवसभर नसतो, कीर्ती. तू घरात असतेस. गारठून मरायला आला माणूस, आणि आपल्याला पत्ता नाही?"

"तूही बसायचास की त्या खोलीत! परवा घाम पुसलास तू तिथे. आठवतंय का?"

त्याला आठवत होतं. मग त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाला, "सॉरी. मला भीती वाटली गं."

"मलाही वाटतेय," कीर्ती म्हणाली. "तू थांब इथे. मी त्यांचे कपडे घेऊन येते."

५

ती घरी पोचली तेव्हा दुपार कलत होती. कुरणावर पांढरं दव तसंच होतं. आत शिरताच ब्लोअरचा आवाज आला.

अप्पांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. तिने उघडलं आणि ऊब अंगावर आली, ओळखीची, सुखाची. खांदे आपोआप सैल झाले. तिने कोट काढून पलंगावर टाकला, कपाट उघडलं, पायमोजे शोधले, लोकरी टोपी घेतली. अप्पांचा चष्मा कुठे दिसेना म्हणून ती वाकली आणि कंटाळून तिने हुश्श केलं.

तोंडातून वाफ निघाली.

कीर्ती तशीच वाकून राहिली. तिने पुन्हा श्वास सोडला. पांढरी, दाट वाफ, बाहेर कुरणावर निघावी तशी. आपल्याला उकडतंय आणि आपल्या तोंडातून वाफ निघतेय, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि कुठेच जुळेनात. तिने टेबलावरच्या तांब्याकडे पाहिलं. अप्पांच्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

वाफ खोलीत विरली नाही. ती खाली वळली आणि जाळीकडे गेली.

त्या वेळी कोट उचलून निघून जावं असं तिला वाटलं नाही, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. तिला वाटलं, काजळी. भट्टीच्या पोटात साचलेली काजळी धुमसते कधीकधी, दिवसचे दिवस. तिला ऊब असते, उजेडही असतो. डोळ्याला उजेड दिसण्याचं, तबकडी फिरण्याचं, सगळ्याचं उत्तर त्यात होतं. वाफेचं आणि बर्फाचं नव्हतं, पण एका वेळी एक. माणूस इस्पितळात पडलेला असताना भट्टी धुमसत ठेवून जाणं बरं नव्हे. तिने स्वयंपाकघरातला आग विझवायचा लाल सिलिंडर काढून घेतला, जिन्याच्या तोंडाशी असलेला विजेचा मुख्य खटका खाली पाडला आणि उतरली.

ब्लोअर घरघरत घरघरत थांबला. घरात एकही आवाज उरला नाही.

तळघरात अप्पांच्या खोलीपेक्षाही छान वाटत होतं. आंघोळ करून गोधडीत शिरल्यासारखं. टॉर्चच्या झोतात भट्टीचा राखाडी पत्रा दिसला, त्यावर दवाचे थेंब गोठलेले. टॉनने कोंबलेला काचलोकरीचा बोळा जागेवर होता. कीर्तीने टॉर्च विझवला. बोळ्याच्या कडेने पिवळ्या उजेडाची बारीक रेघ होती.

काजळीच, ती मनात म्हणाली. पण धुराचा वास नव्हता. तिने सिलिंडर खाली ठेवला, दोन्ही हातांनी बोळा ओढून काढला आणि आत पाहिलं.

आगीची खोली हातभर खोल असायला हवी होती. उजेड त्याहून पुष्कळ आतून येत होता, शेजारच्या खोलीतला दिवा अर्धवट दारातून यावा तसा, स्थिर आणि घरगुती. आणि त्या उजेडाच्या अलीकडे दोन हात होते.

बोटं पसरलेली होती. तळवे तिच्याकडे होते. शेकोटीपुढे माणूस धरतो तसे ते धरलेले होते. त्यांच्या मागे आणखी दोन. त्यांच्याही बाजूला दोन, ते लहान होते, कुणीतरी उचलून पुढे धरल्यासारखे उंचावर. त्यामागचं तिला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल तर ते तिने स्वतःलाही कधी आठवू दिलं नाही. हात तिच्याकडे सरकले नाहीत. त्यांना काही धरायचं नव्हतं. मधेच पुढच्या हातांनी पंजे उलटे केले, मागची बाजू पुढे आणली. एक बाजू शेकून झाली की आपण करतो, अगदी तसं.

कीर्ती त्यांच्यासमोर बसून राहिली. भीती वाटली नाही तिला. उलट इतकं बरं तिला त्या देशात आल्यापासून वाटलं नव्हतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं काहीतरी वाटत होतं. डोळे जड झाले होते. जरा पडावं इथेच, फरशीवर.

खिशातला फोन वाजला.

तो वाजतोय हे तिला कळत होतं. तिने तो बाहेर काढायला हात हलवला, पण बोटं वळेनात. दोन्ही तळहातांत धरून तिने फोन कसाबसा ओढला. पडद्यावर श्रीहर्षचं नाव होतं. अंगठा त्यावर घासत होता आणि फोनला तो अंगठा कळतच नव्हता. मग फोन निसटला आणि सिमेंटवर आपटला.

त्या आवाजाने आतले सगळे हात एकदम मागे झाले. लहान जोडी सगळ्यात शेवटी.

कीर्तीने तेवढ्यात बोळा भोकात ढकलला. बोटांनी जमेना म्हणून मनगटांनी, मग खांद्याने, मग पाठ लावून. जिना ती कोपरांवर चढली. मागचं दार उघडून ती अंगणात पडली तेव्हा कुरणावरून येणारा बोचरा वारा तिच्या तोंडावर बसला आणि पहिल्यांदा तिला थंडी वाजली. दात वाजायला लागले, बोटांना मुंग्या येऊन आग आग झाली. ती तिथेच उकिडवी बसून रडली. थंडी वाजतेय, याचाच तिला इतका आनंद झाला होता.

थोड्या वेळाने तिने शेजारच्या गोठ्यावरच्या बाईंकडून फोन मागून श्रीहर्षला लावला.

"अगं, किती वेळ? कुठे होतीस?" तो म्हणाला. "अप्पा शुद्धीवर आलेत नीट. भूक लागलीय म्हणतात. मऊभात मिळेल का विचारतायत."

६

त्या घरात ते पुन्हा राहिले नाहीत. श्रीहर्षच्या ऑफिसातल्या सुदर्शनने गावातल्या आपल्या फ्लॅटमधली एक खोली त्यांना दिली आणि पुढे त्याच इमारतीत त्यांना जागा मिळाली. लहान होती, खालून बसचा आवाज यायचा. सामान आणायला श्रीहर्ष आणि सुदर्शन भर दिवसा गेले आणि कीर्तीने त्यांना तळघरात पाऊल न ठेवण्याची शपथ घातली होती. श्रीहर्षने कारण विचारलं.

"ते घर गार आहे," ती म्हणाली.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. टॉनने बर्नर तपासून परत आणला, त्यात काही दोष नव्हता. हूबेर्टने करार विनातक्रार मोडून दिला. त्यानेही कारण विचारलं नाही, आणि याचा अर्थ काय लावायचा हे कीर्तीला ठरवता आलं नाही.

अप्पा सुधारले. गालांवर रंग आला, सुदर्शनच्या मुलीला ते इंग्रजीतून नकाशे समजावून सांगायला लागले. नेदरलँड्स म्हणजे सखल प्रदेश, पण आपण फेल्डहोवनवाले समुद्रसपाटीच्या वर आहोत, घाबरू नकोस, असं तिला बजावायचे. ती डचमध्ये उत्तर द्यायची आणि दोघांचं बरं चालायचं. त्या खोलीबद्दल ते एका शब्दाने बोलले नाहीत. ग्लानीतले दिवस त्यांना आठवत नसतील, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं आणि कीर्तीला ते सोयीचं होतं.

मार्च आला. अप्पांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी दोघं बॅग भरत होती. खिडकीतून स्वच्छ ऊन पलंगावर आलं होतं. बाहेर पोरं कोट न घालता सायकली फिरवत होती. कीर्ती चीजचे तुकडे आणि बाळाचे कपडे कोपऱ्यांत बसवत होती, अप्पा एकेक स्वेटर घडी करून देत होते.

"कीर्ती," ते सहज म्हणाले, "त्या घरात आलं का गं दुसरं कुणी राहायला?"

तिचे हात थांबले. "नाही अप्पा. रिकामंच आहे. हूबेर्ट भाड्याने देणार नाही म्हणतो आता."

"रिकामंच?"

"हो."

अप्पांनी हातातला मफलर मांडीवर ठेवला. ते खिडकीबाहेर, गावाच्या कडेला शेतं सुरू होतात तिकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळा सुटून गेल्यावरही ज्यांना न्यायला कुणी आलेलं नाही अशा पोरांबद्दल मास्तरांनी बोलावं, तशा हळव्या आवाजात ते म्हणाले, "मग गारठले असतील गं बिचारे."